तब्येत कशी आहे? कारखान्यांच्या प्रदूषणात राहणाऱ्या वस्त्यांच्या आरोग्य-पाहणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कारखान्यांचा धूर, वास आणि आवाज यांत राहणाऱ्या माणसांना त्यांची तब्येत विचारायची, मिळालेली उत्तरं नीट मोजायची आणि जे निघेल ते कुणाला खोडता येणार नाही अशा रीतीने मांडायचं, हे काम हाती घेणाऱ्या रहिवासी गटांसाठी, विद्यार्थ्यांसाठी आणि आरोग्य कार्यकर्त्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत.

‘स्वमूल्यांकित आरोग्य’ म्हणजे नेमकं काय?

माणसाने स्वतःच्या तब्येतीला स्वतः दिलेला शेरा. मूळ प्रश्न एकच असतो: “एकंदरीत पाहता तुमची तब्येत कशी आहे असं तुम्ही म्हणाल?” त्याला पाच ठरलेली उत्तरं असतात: उत्तम, खूप चांगली, चांगली, बेताची, खराब. मनाच्या तब्येतीसाठी हाच प्रश्न पुन्हा, वेगळा विचारतात. दोन्ही एका वाक्यात कोंबू नयेत. गुडघे दुखणारा आणि झोप उडालेला माणूस मग एकच उत्तर देतात, आणि कोण कशाविषयी बोलला ते शेवटपर्यंत कळत नाही.

नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा? डॉक्टरी तपासणी जास्त खरी नाही का?

या साध्या प्रश्नाची ताकद गेली चार दशकं तपासली जात आहे. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातल्या वृद्धांवरचा एक अभ्यास १९८२ साली प्रसिद्ध झाला. तब्येत ‘खराब’ म्हणणाऱ्यांना पुढच्या काही वर्षांत मृत्यूचा धोका ‘उत्तम’ म्हणणाऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाला, आणि तोही डॉक्टरांच्या नोंदींतले आजार हिशेबात धरल्यावर. १९९७ मध्ये अशा २७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा बहुतेक ठिकाणी हाच कल दिसला. २००६ च्या एका एकत्रित विश्लेषणात दोन टोकांच्या उत्तरांमधला फरक साधारण दुपटीचा होता.

असं का होतं? माणूस उत्तर देताना फाइलमध्ये नसलेल्या गोष्टीही जमेस धरतो: जिना चढताना लागणारी धाप, पहाटेची खोकल्याची उबळ, गेल्या वर्षीपेक्षा कमी झालेली ताकद, आई-वडिलांना कोणत्या वयात काय झालं ते. तपासणीची जागा हे उत्तर घेत नाही. साधन आणि प्रशिक्षित माणूस उपलब्ध असेल तर काही जणांची फुफ्फुस-क्षमता चाचणी जरूर जोडा. पण चाचणी नाही म्हणून पाहणीच करायची नाही, हे चूक आहे.

कारखान्याजवळच्या वस्तीत ही पद्धत विशेष उपयोगी का?

तिथला त्रास एका आजाराच्या नावात बसत नाही म्हणून. एकाच हवेत सूक्ष्म धूळ, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि द्रावकांची वाफ असते, जोडीला वास आणि रात्रीचा आवाज. एका घरात डोळे चुरचुरतात, दुसऱ्यात दम्याचा पंप महिन्याऐवजी पंधरा दिवसांत संपतो, तिसऱ्यात कुणाला नीट झोप नाही. दवाखान्याच्या नोंदींत हे सगळं विखुरलेलं असतं, आणि बराचसा भाग तिथवर पोहोचतही नाही. तब्येतीचा एकंदर शेरा विचारला की हे विखुरलेलं एका आकड्यात दिसू लागतं.

शरीरावरचा परिणाम समजतो. मनावर प्रदूषणाचा परिणाम कसा होतो?

वाटा अनेक आहेत आणि त्या एकमेकींत मिसळतात.

पहिली शरीरातून जाते. अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण, म्हणजे ‘पीएम २.५’, फुफ्फुसाच्या वायुकोशांपर्यंत जातात (माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रोमीटर जाड असतो). त्यातून शरीरभर सौम्य दाह राहतो. अशा कणांचं प्रमाण जास्त असलेल्या ठिकाणी नैराश्याचं प्रमाणही जास्त असल्याचं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. दाह हा त्यातला एक संभाव्य दुवा मानला जातो.

दुसरी वाट झोपेची. भट्टीचा, कॉम्प्रेसरचा, रात्रपाळीतल्या मालट्रकांचा आवाज झोप तोडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ साली रात्रीच्या आवाजासाठी घराबाहेर सरासरी ४० डेसिबल ही मर्यादा सुचवली होती. चोवीस तास चालणाऱ्या कारखान्याच्या कुंपणालगत ती पाळली जाणं अवघड असतं. तुटलेल्या झोपेचे परिणाम चिडचिड, विसराळूपणा आणि रक्तदाब अशा तिन्ही रूपांत दिसतात.

तिसरी वाट सर्वांत कमी मोजली जाते: आपल्या हातात काही नाही ही भावना. वास कधी येईल सांगता येत नाही, खिडकी उघडायची की नाही ते धुराड्यावर ठरतं, तक्रार केली तर उत्तर येत नाही, घर विकून जावं तर भाव येत नाही. मुलांना बाहेर खेळायला पाठवणं म्हणजे रोजचा एक निर्णय होऊन बसतो. सतत सावध राहणाऱ्या शरीरात ताणाची संप्रेरकं वाढलेली राहतात आणि त्याचा भार हृदयावर व मनावर दोन्हीकडे पडतो. म्हणून “हे सगळं मानसिक आहे” असं कुणी म्हणालं, तर त्याने प्रदूषणाचा परिणाम नाकारला असं होत नाही. मनाला झालेला त्रास हाही परिणामच आहे.

प्रश्नावलीत नेमकं काय घ्यावं?

नवे प्रश्न तयार करण्याआधी जुने, पारखलेले प्रश्न घ्या, म्हणजे तुमचे आकडे इतर ठिकाणच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात. पंधरा ते वीस मिनिटांत संपेल असा संच असा होतो.

सुरुवातीला एकंदर तब्येतीचा प्रश्न. मग दिवसांचे तीन प्रश्न: गेल्या ३० दिवसांपैकी किती दिवस शरीराची तब्येत चांगली नव्हती, किती दिवस मन ठीक नव्हतं, आणि या दोन्हींमुळे किती दिवस नेहमीची कामं करता आली नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत हे चार प्रश्न १९९३ पासून विचारले जातात. शरीराचे आणि मनाचे दिवस बेरजेत घेतात, पण बेरीज ३० च्या पुढे गेली तर ३० च धरतात. मन ठीक नसलेले दिवस १४ किंवा जास्त असतील तर ‘वारंवार मानसिक त्रास’ असं नोंदवतात.

त्यानंतर मनासाठी एक मोजपट्टी. ‘डब्ल्यूएचओ-५’ सर्वांत सौम्य आहे: गेल्या दोन आठवड्यांविषयी पाच सकारात्मक विधानं, प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरजेला ४ ने गुणलं की ० ते १०० चा आकडा मिळतो, आणि ५० च्या खाली तो गेला तर पुढची चौकशी करावी. ‘पीएचक्यू-९’ नैराश्यासाठी आहे. त्याचे नऊ प्रश्न, एकूण ० ते २७ गुण, आणि ५, १०, १५, २० या वाढत्या तीव्रतेच्या पायऱ्या. चिंतेसाठी ‘जीएडी-७’, ० ते २१ गुण. नैराश्य व चिंतेच्या या दोन्ही पट्ट्यांत १० किंवा जास्त गुण आले तर तज्ज्ञाकडे पाठवण्याचा विचार करतात. हे गुण म्हणजे निदान नव्हे, हे अहवालात स्पष्ट लिहा. पहिल्याच पाहणीत या तिन्ही पट्ट्या एकदम लावू नका. लोक थकतात आणि शेवटची उत्तरं डोळे मिटून देतात.

शेवटी लक्षणं (खोकला, घरघर, डोळ्यांची आग, डोकेदुखी, झोप), धूम्रपान, स्वयंपाकाचं इंधन, काम, शिक्षण, उत्पन्नगट, वय आणि या घरात किती वर्षं राहता ते. हे शेवटचे प्रश्न कंटाळवाणे वाटतात आणि गाळले जातात. ते गाळले तर “हा परिणाम धूम्रपानाचा किंवा गरिबीचा असेल” या आक्षेपाला तुमच्याकडे उत्तर उरत नाही.

मराठीत प्रश्न विचारताना काय चुकतं?

बरंच काही. “तब्येत कशी आहे?” ही मराठीत विचारपूस आहे, आणि तिला “बरी आहे” हे ठरलेलं उत्तर आहे. हे उत्तर नोंदवलं तर तुम्ही शिष्टाचार मोजलात, आरोग्य नाही. म्हणून प्रश्न सावकाश, पूर्ण वाक्यात विचारा आणि पाचही पर्याय प्रत्येकाला वाचून दाखवा. वाचता येणाऱ्याच्या हातात पर्यायांचं कार्ड द्या.

‘बरी’ हा शब्द पर्यायांत ठेवूच नका. कुणासाठी तो ‘चांगली’ आहे, कुणासाठी ‘जेमतेम’, आणि आजारातून उठलेल्यासाठी ‘आता बरं झालं’. ‘ठीक’चंही तेच. ‘बेताची’ हा शब्द खालच्या बाजूला स्पष्ट झुकतो, म्हणून चौथ्या पायरीला तो चालतो. हा किरकोळ वाद नाही. इंग्रजीतली हीच पायरी स्पॅनिशमध्ये ‘रेग्युलार’ अशी भाषांतरित झाली. तो शब्द इंग्रजी शब्दापेक्षा कमी वाईट वाटतो, त्यामुळे स्पॅनिश बोलणाऱ्यांची तब्येत कागदावर होती त्याहून वाईट दिसू लागली.

पायऱ्यांचा दुसरा संचही प्रचलित आहे: खूप चांगली, चांगली, मध्यम, वाईट, खूप वाईट. युरोपातल्या पाहण्यांत तो वापरतात. दोन्हींपैकी एकच निवडा. पहिल्यात मधली पायरी ‘चांगली’ आहे, दुसऱ्यात ‘मध्यम’, त्यामुळे त्यांची थेट तुलना होत नाही.

मनाविषयी विचारताना ‘मानसिक आरोग्य’ हा शब्दच पुष्कळांना ‘वेड’ ऐकू येतो. “मन उदास असणं, काळजी, ताण, कशात लक्ष न लागणं यामुळे किती दिवस तुम्हाला बरं वाटलं नाही?” असं विचारलं की लोक मोकळे होतात. ‘पीएचक्यू-९’चं तयार मराठी भाषांतर उपलब्ध आहे, तेच वापरा. घरच्या घरी केलेल्या भाषांतराला ठरलेल्या गुणपायऱ्या लावता येत नाहीत.

छापण्याआधी दहा-बारा जणांवर प्रश्नावली वापरून पाहा आणि प्रत्येक उत्तरानंतर विचारा: “हे उत्तर देताना तुमच्या मनात काय आलं?” निम्म्या चुका इथेच सापडतात.

प्रश्नांच्या क्रमाने काही फरक पडतो का?

पडतो. तब्येतीचा प्रश्न सर्वांत आधी, प्रदूषणाचा सर्वांत शेवटी. आधी धूर, वास, कॅन्सर याविषयी दहा प्रश्न विचारले आणि मग तब्येत विचारली, तर उत्तर त्या चर्चेने रंगलेलं येतं. प्रस्तावनेतही “प्रदूषणाचा आरोग्यावरचा परिणाम” असं म्हणू नका. “या भागातल्या लोकांच्या तब्येतीची आणि परिसराची पाहणी” एवढं पुरेसं आणि खरंही आहे.

किती जणांना विचारावं?

काय सिद्ध करायचंय त्यावर ते ठरतं. एका वस्तीतलं प्रमाण ५ टक्के कमी-अधिक इतक्या नेमकेपणाने हवं असेल, तर साध्या यादृच्छिक नमुन्यात (चिठ्ठ्या टाकून निवडावीत तशी माणसं निवडली तर) ३८४ ही परिचित संख्या येते. पण वस्त्यांच्या पाहणीत प्रश्न बहुधा तुलनेचा असतो. समजा लांबच्या वस्तीत २० टक्के लोक तब्येत ‘बेताची’ किंवा ‘खराब’ सांगतील आणि जवळच्या वस्तीत ३० टक्के, असा तुमचा अंदाज आहे. हा फरक असल्यास तो पकडण्याची शक्यता ८० टक्के हवी असेल, तर प्रत्येक वस्तीत साधारण २९० माणसं लागतात.

इथे थांबू नका. एका गल्लीतली दहा घरं घेतली तर ती एकमेकांसारखी असतात, म्हणून दहा घरांतून दहा स्वतंत्र माणसांएवढी माहिती मिळत नाही. दुरुस्तीचं सूत्र: १ + (गटातली माणसं − १) × साम्यगुणांक. साम्यगुणांक म्हणजे एका गटातली माणसं एकमेकांसारखी किती याचं माप. तो ०.०५ धरला तर १ + ९ × ०.०५ = १.४५. म्हणजे २९० चे झाले सुमारे ४२०. पाचातला एक नकार देईल असं धरलं तर साधारण ५२५ दारं ठोठवावी लागतील, आणि तीही प्रत्येक वस्तीत.

एवढं बळ नसेल तर लहान पाहणी करा, पण अनिश्चितता लपवू नका. ४० जणांपैकी १४ जणांनी ‘बेताची’ किंवा त्याखालचं उत्तर दिलं तर प्रमाण ३५ टक्के, पण खरं प्रमाण साधारण २० ते ५० टक्क्यांत कुठेही असू शकतं. “पस्तीस टक्के लोक आजारी” असा मथळा त्यावर उभा राहू शकत नाही.

घरातल्या कुणाला विचारायचं?

दार उघडणाऱ्याला नाही. वस्तीतल्या घरांची यादी करा, ठरावीक अंतराने घरं निवडा, आणि निवडलेल्या घरात ज्या प्रौढ व्यक्तीचा वाढदिवस सर्वांत अलीकडे होऊन गेला तिला विचारा. ती घरी नसेल तर वेगवेगळ्या वेळी निदान तीनदा परत जा. फक्त दुपारी फिरलात तर पाळीवर जाणारे सगळे सुटतात, आणि कामकरी माणसं गळाली की वस्ती आहे त्याहून म्हातारी आणि आजारी दिसते.

एकासाठी दुसऱ्याने उत्तर द्यायचं नाही. नवऱ्याने बायकोसाठी नाही, सुनेने सासूसाठी नाही. मुलाखत एकट्याने ऐकता येईल अशा जागी घ्या, विशेषतः मनाचे प्रश्न. शेजाऱ्याने शेजाऱ्याची मुलाखत घेणं टाळा. कार्यकर्ते त्याच परिसरातले असले तर त्यांना पलीकडच्या गल्ल्या द्या. लहान मुलांसाठी वेगळ्या प्रश्नावल्या असतात, ही त्यांना लावू नये.

तुलनेसाठी दुसरी वस्ती घ्यायलाच हवी का?

हो. तिच्याशिवाय “मग बाकी ठिकाणी काय वेगळं आहे?” या एका वाक्यात तुमची सगळी मेहनत बाजूला सारली जाते. दुसरी वस्ती उत्पन्न, घरांचा प्रकार, पाणी आणि दवाखान्याची सोय यांत शक्य तितकी सारखी असावी. फरक असावा तो कारखान्याच्या सान्निध्याचा. श्रीमंत, झाडांची वस्ती तुलनेला घेतली तर फरक मोठा दिसेल, पण तो कशाचा ते सांगता येणार नाही. दोन्ही ठिकाणी एकाच पंधरवड्यात, त्याच माणसांनी आलटून पालटून मुलाखती घ्याव्यात.

कारखान्यापासूनचं अंतर मोजलं की पुरे ना?

अंतर ही सुरुवात आहे. उंच धुराड्यातला धूर पायथ्याशी पडत नाही. तो वाऱ्याबरोबर पुढे जाऊन खाली उतरतो, त्यामुळे कुंपणालगतच्या घरांपेक्षा काही किलोमीटरवरच्या घरांत तो जास्त जाणवू शकतो. उलट, झडपा, टाक्या, उघडे ढीग, सांडपाण्याची तळी यांतून निसटणारी वाफ आणि धूळ जमिनीलगतच राहते आणि जवळच्यांनाच जास्त भोवते. म्हणून अंतरासोबत वाऱ्याची दिशा घ्या. इथे एक चूक नेहमी होते: हवामानाच्या नोंदीत ‘वायव्य वारा’ म्हणजे वायव्येकडून येणारा. तो प्रदूषण आग्नेयेला नेतो. नकाशावर हे उलट लावलं गेलं तर सगळं विश्लेषण उलटं होतं.

रात्री आणि पहाटे, विशेषतः थंडीत, जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार हवा अशी उलटी रचना होते. झाकण ठेवल्यासारखं प्रदूषण खाली अडकतं. लोक पहाटेच्या वासाची तक्रार करतात आणि तपासणी दुपारी होते, तेव्हा काहीच सापडत नाही. यात लोक खोटं बोलत नसतात.

स्वस्त हवा-मापक यंत्रावर भरवसा ठेवावा का?

कल पाहायला हो, नेमक्या आकड्याला नाही. ही यंत्रं कणांवरून विखुरलेला प्रकाश मोजतात. हवेतला ओलावा फार वाढला की कण पाणी शोषून फुगतात आणि आकडा खोटा चढतो. यंत्र जमिनीपासून दीड ते तीन मीटर उंचीवर, पाऊस न लागेल अशा पण मोकळ्या जागी लावा. स्वयंपाकघराच्या खिडकीजवळ, रस्त्याच्या कडेला किंवा जनरेटरशेजारी नको. पाहणीच्या आधी आणि नंतर दोन-दोन आठवडे ते प्रमाणित हवा-मापन केंद्राजवळ ठेवून आकडे ताडून घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मर्यादा अशा: पीएम २.५ साठी वर्षाची सरासरी ५ आणि चोवीस तासांची १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, सल्फर डायऑक्साइडसाठी चोवीस तासांची ४०. वर्षाच्या मर्यादेशी एका दिवसाचा आकडा ताडू नका. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा: कण मोजणाऱ्या यंत्राला वायू दिसत नाहीत. सल्फर डायऑक्साइडचा भपकारा आला असताना ते स्वच्छ हवा दाखवू शकतं, आणि दमेकऱ्याची श्वासनलिका त्या वायूने काही मिनिटांतच आवळते.

वासाची नोंदवही ठेवून काय साधतं?

पुष्कळ साधतं, नीट ठेवली तर. दिवसातून तीन ठरलेल्या वेळी नोंद करा: वेळ, वास आहे की नाही, तीव्रता ० ते ५, कशासारखा (सडकी अंडी, रंग, जळका प्लास्टिक), वारा कुठून, त्या वेळी झालेला त्रास. वास नसेल तर ० लिहा. ही शून्यंच नोंदवहीला वजन देतात. फक्त वाईट दिवस लिहिलेली वही म्हणजे तक्रारींची यादी होते, तिच्यातून “दहापैकी किती वेळा” हे काढता येत नाही.

वास नाही म्हणजे धोका नाही असं समजू नका. सडक्या अंड्यांसारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड अगदी अल्प प्रमाणातही नाकाला कळतो, पण प्रमाण धोकादायक पातळीला गेलं की नाक बधिर होतं. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही.

टक्केवारी काढली. आता थेट तुलना करू का?

आधी वय पाहा. एक काल्पनिक उदाहरण घ्या. कारखान्याजवळच्या वस्तीत १०० पैकी ८० जण चाळिशीच्या आतले, त्यांच्यात १५ टक्क्यांची तब्येत वाईट. उरलेले २० चाळिशीपुढचे, त्यांच्यात ४५ टक्क्यांची. एकूण १२ + ९ = २१. लांबच्या वस्तीत तरुण ४०, त्यांच्यात १० टक्के, आणि वयस्क ६०, त्यांच्यात ३५ टक्के. एकूण ४ + २१ = २५. म्हणजे लांबचीच वस्ती जास्त आजारी दिसली! पण दोन्ही वयोगटांत जवळच्या वस्तीची तब्येत वाईट आहे. दोन्हीकडे तरुण-वयस्क निम्मे-निम्मे धरून हिशेब केला की ३० विरुद्ध २२.५ टक्के येतात. कारखान्यांजवळ भाड्याने राहणारे तरुण कामगार जास्त असतात, म्हणून ही चूक अगदी सहज होते.

कामगारांच्या बाबतीत आणखी एक: कष्टाच्या कामावर टिकलेले लोक मुळातच धडधाकट असतात, आणि ज्यांना त्रास झाला ते काम किंवा वस्ती सोडून गेलेले असतात. जे आज समोर आहेत त्यांच्यावरून परिणाम कमी दिसतो. ‘किती वर्षं राहता’ हा प्रश्न त्यासाठीच.

सांख्यिकीची मदत मिळाली तर पाच पायऱ्यांच्या उत्तराला क्रमवार लॉजिस्टिक प्रतिमान (क्रमाने लागणाऱ्या उत्तरांसाठीची सांख्यिकी पद्धत) लावा आणि एका वस्तीतली माणसं एकमेकांसारखी असतात हेही त्यात धरा. वय, लिंग, शिक्षण, उत्पन्न, धूम्रपान, इंधन यांचं समायोजन करा, म्हणजे त्यांच्यामुळे पडणारा फरक हिशेबातून वजा करा. दमा किंवा वासाचा त्रास यांचं मात्र करू नका. प्रदूषणाचा परिणाम त्याच वाटेने येतो, तीच वाट बंद केली तर परिणाम नाहीसा झाल्यासारखा दिसतो.

उदास माणसाला सगळंच वाईट दिसतं. मग त्याच्या तक्रारीला काय किंमत?

आक्षेप योग्य आहे. तब्येत आणि प्रदूषण दोन्ही एकाच माणसाने सांगितलं, तर त्याच्या मनःस्थितीमुळे दोन्ही एकत्र हलू शकतात. उपाय असा की प्रदूषणाचं माप त्या माणसाबाहेरून घ्या: अंतर, वाऱ्याची दिशा, मापकाचे आकडे, किंवा त्याच गल्लीतल्या इतरांनी सांगितलेल्या वासाची सरासरी. बाहेरचं माप घेऊनही संबंध टिकला तर आक्षेप उरत नाही. टिकला नाही तर तेही तसंच छापा.

आमच्याकडे उलट आहे. धूर डोळ्यांना दिसतो, पण लोक म्हणतात सगळं ठीक आहे.

याची कारणं गंभीर असतात. घरातल्या कुणाची नोकरी त्याच कारखान्यात असते आणि बोललं तर पोटावर येईल ही भीती असते. म्हणून नाव न लिहिणं, आणि तसं आधीच सांगणं, गरजेचं. दुसरं कारण सवय: सगळेच खोकत असतील तर खोकला आजार वाटत नाही. अमर्त्य सेन यांनी २००२ साली हे नेमकं दाखवून दिलं. केरळात आयुर्मान जास्त, तरी लोक आजार जास्त सांगत होते. बिहारमध्ये आयुर्मान कमी आणि आजारही कमी सांगितले जात होते. शिक्षण आणि दवाखान्यांची सोय असली की माणसाला स्वतःचा आजार ओळखता येतो.

यावर एक साधन आहे. एका काल्पनिक व्यक्तीचं वर्णन वाचून दाखवा, “अमुक व्यक्तीला दोन जिने चढल्यावर थांबावं लागतं, आठवड्यातून तीनदा रात्री खोकल्याने जाग येते”, आणि तिची तब्येत कशी म्हणाल ते त्याच पाच पायऱ्यांवर विचारा. एका वस्तीत हे वर्णन ‘चांगली’ ठरलं आणि दुसऱ्यात ‘बेताची’, तर दोन्हीकडची मोजपट्टीच वेगळी आहे हे कळतं.

मुलाखतीत कुणी जीव नकोसा झाल्याचं सांगितलं तर?

‘पीएचक्यू-९’च्या नवव्या प्रश्नात हेच विचारलेलं आहे, त्यामुळे असं उत्तर येणार हे धरूनच चला. पुढे काय करायचं ते ठरलेलं नसेल तर तो प्रश्न विचारूच नका. त्याच्याशिवायची आठ प्रश्नांची आवृत्ती आहे, ती वापरा. विचारणार असाल तर जवळचा मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक आधी ठरवा, त्यांची संमती घ्या, आणि मदतीच्या हेल्पलाइनचे क्रमांक स्वतः फोन लावून तपासा.

असं उत्तर आलं की पुढचे प्रश्न थांबवा. शांतपणे ऐका, उपदेश करू नका, “असं बोलू नये” म्हणू नका. आता, आज तसं करण्याचा विचार आहे का, हे थेट विचारा. थेट विचारल्याने विचार बळावत नाही. धोका ताबडतोबीचा वाटला तर त्या व्यक्तीला एकटं सोडू नका आणि मदत येईपर्यंत थांबा. त्याच दिवशी पाहणीच्या प्रमुखाला कळवा. पाहणी अर्धी राहिली तरी चालेल.

यातून कारखान्यामुळेच तब्येत बिघडली हे सिद्ध होतं का?

एका वेळच्या पाहणीतून नाही. ती संबंध दाखवते. ब्रिटिश सांख्यिकीतज्ज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ साली कारण-परिणाम ठरवताना पाहायच्या नऊ बाबी मांडल्या. त्यांतल्या काही तुम्हाला तपासता येतात: संबंध किती ठळक आहे, जवळ जावं तसा त्रास पायरीपायरीने वाढतो का, प्रदूषण आधी आणि त्रास नंतर असा क्रम आहे का. भट्टी दुरुस्तीसाठी बंद असताना लक्षणं कमी झाली का, ही तुलना तर फार मोलाची. भट्टी तशी बंद राहणार असल्याचं कळलं तर त्या काळातली नोंद चुकवू नका.

लिहिताना असं लिहा: “वय, उत्पन्न आणि धूम्रपान यांचा फरक वजा केल्यावरही, कारखान्यावरून वारा जिकडे वाहतो त्या बाजूच्या वस्तीत तब्येत बेताची किंवा खराब सांगणारे जास्त आहेत.” असं लिहिलेलं मोडता येत नाही. “कारखान्याने लोकांना आजारी पाडलं” हे एका आक्षेपात कोसळतं आणि त्याखाली खरी माणसं दबतात.

पाचापेक्षा कमी माणसांचा गट वेगळा छापू नका, आणि नकाशावर घरं दाखवू नका. अहवाल इतर कुणालाही देण्याआधी वस्तीत वाचून दाखवा. ज्यांनी वेळ दिला त्यांचा तो पहिला हक्क आहे.

तोवर रहिवाशांनी स्वतःसाठी काय करावं?

भपकारा येईल त्या वेळी खिडक्या बंद आणि वारा बदलला की उघड्या, दिवसभर बंद नको. एन-९५ मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तर धुळीचे बारीक कण ९५ टक्क्यांपर्यंत अडवतो, वायू अडवत नाही. कापडी फडक्याचा फार उपयोग नाही. झाडलोट कोरडी न करता ओल्या फडक्याने करावी, कारण धुळीतून शिसं आणि इतर धातू रांगत्या मुलांच्या तोंडात जातात. दम्याच्या रुग्णाने पंप जवळ ठेवावा. बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल, ओठ निळे पडले, छातीत दाब आला तर वाट न पाहता तातडीच्या उपचारांना जावं.

पाहणी पुन्हा कधी करावी?

वर्षभराने, त्याच महिन्यात. थंडीतली पाहणी पावसाळ्यातल्या पाहणीशी ताडली तर ऋतूचाच फरक मोजला जातो. प्रश्नांचे शब्द, क्रम आणि पर्याय एकाही अक्षराने बदलू नका. नवे प्रश्न घालायचे तर शेवटी घाला. मधल्या काळात नवी चिमणी, गळती, अपघात, नवा रस्ता, मोठी नोकरकपात काय काय झालं त्याची तारीखवार नोंद ठेवा. दुसऱ्या वर्षीचे आकडे हलले की सगळ्यात आधी हीच वही उघडावी लागते.